काटेसाहेबांचा सी मेजर

"आई, पुढच्या महिन्यात बँडमध्ये स्केलच्या परीक्षा आहेत. कागद न बघता वाजवायचं," असं टिटवी जेवताना म्हणाली. हे वाक्य तिनं आईला उद्देशून म्हटलं होतं. त्यात 'बाबा' हा शब्द कुठंही नव्हता. पुढं जे काही झालं त्याचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी, कारण खुद्द बाबांच्या ती फार उशिरा ध्यानात आली.

"स्केल?" बाबांनी घास खाली ठेवला. "स्केलची परीक्षा? अगं, मग ते माझ्याकडे सोपव. माझी हयात गेली त्यात."

बाबा वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे काटे तपासायचे, वजनं तोलून बघायची, बरोबर निघाली तर शिक्का आणि कमी निघाली तर नोटीस, हे त्यांचं काम. आडनाव काही वेगळंच होतं, पण बाजार त्यांना 'काटेसाहेब' म्हणे, आणि ते नाव बाजारातून त्यांच्या मागोमाग चालत इमारतीत येऊन राहिलं होतं. त्यांनाही ते मनातून आवडायचं. एकुलत्या एका लेकीला मात्र पाळण्यात ठेवलेलं 'टिटवी' हे नाव फारसं आवडत नसे. पाळण्यातल्या रडण्याच्या पट्टीवरून आत्यानं ते ठेवलं होतं. आता ती आठवीत होती, आणि शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायला लागल्यापासून ते नाव शेजाऱ्यांनाही पटू लागलं होतं.

"ते स्केल नाही हो बाबा," टिटवी म्हणाली. "सुरांची स्केल. एका सुरापासून पायऱ्या चढत वर जायचं आणि खाली यायचं. सी मेजर, जी मेजर, एफ मेजर. पाठ येत नसेल तर वार्षिक कार्यक्रमात वाजवायला मिळत नाही. खुर्च्या मांडाव्या लागतात."

"माझी मुलगी खुर्च्या मांडणार नाही," काटेसाहेब म्हणाले.

"स्केल आली नाही तर बँडच्या बाई पुन्हा..."

"पुन्हाबिन्हा काही नाही. आपल्या घरात एकदाच. वजन एकदाच बरोबर भरतं."

बायको चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांना 'हे दिसतं का, आता दिसतं का' विचारून तिची सहनशक्ती तयार झालेली होती. ती एवढंच म्हणाली, "अहो, तुम्हाला शीळसुद्धा घालता येत नाही."

"शीळ घालणं वेगळं आणि शिस्त लावणं वेगळं."

आता शिस्त म्हटली की पहिली गोष्ट म्हणजे उपकरणाची तपासणी. दुसऱ्या दिवशी टिटवीनं सराव सुरू केला आणि क्लॅरिनेटमधून एक चीत्कार निघाला. खालच्या मजल्यावरचे होमिओपॅथ डॉक्टर चप्पल न घालता वर आले. कुणाला काय झालं हे विचारायला ते आले होते. क्लॅरिनेट आहे म्हटल्यावर ते आरामात बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "वाऱ्याचा विकार आहे. पोटातून वारा सरळ वर यायला हवा. मी गोळ्या देतो." त्यांनी गोळ्या दिल्या. त्या गोड होत्या, म्हणून टिटवीनं घेतल्या. चीत्कार होता तसाच राहिला.

काटेसाहेबांचं निदान वेगळं होतं. क्लॅरिनेटच्या तोंडाशी वेताची एक पातळ पट्टी असते, तिला रीड म्हणतात, तीच थरथरून आवाज काढते. ही पट्टी सगळीकडे सारखी जाड नसणार, हा त्यांचा व्यवसायजन्य संशय. टिटवी आंघोळीला गेली असताना त्यांनी रीड रुमालात गुंडाळली आणि सरळ ऑफिसात नेली. तिथं बारीक मापं घेण्याचं स्क्रूचं यंत्र होतं. काटेसाहेबांनी रीड त्याच्या जबड्यात धरली आणि स्क्रू फिरवला. अर्धा फेरा जास्त झाला. 'टिच' असा एक छोटासा आवाज आला. खात्याच्या इतिहासात तो आवाज कुणाच्या लक्षात राहण्याचं कारण नव्हतं, पण काटेसाहेबांच्या कानात तो बराच काळ राहिला.

"रीड कुठंय?" संध्याकाळी टिटवीनं विचारलं.

"पट्टी असमान होती," काटेसाहेब म्हणाले. "वापरण्यालायक नव्हती."

"तुटली?"

"तपासणीत बाद झाली."

टिटवीनं त्यांच्याकडे पाहिलं. मैत्रिणीकडून तिनं एक रीड उसनी आणली आणि रोज रात्री ती गणिताच्या पुस्तकात लपवून ठेवू लागली. हे काटेसाहेबांना कळलं नाही, नाहीतर त्यांना तेव्हाच थोडं वाईट वाटलं असतं.

इकडं इमारतीत कुरबुर सुरू झाली. सोसायटीचे सेक्रेटरी एके संध्याकाळी दारात उभे राहिले. भला माणूस, पण हातात नेहमी नियमांची पुस्तिका. "काटेसाहेब, वाद्य वाजवायला पूर्वपरवानगी लागते. अर्ज द्या, कमिटीपुढं ठेवतो."

इथं सरळ अर्ज दिला असता तर विषय मिटला असता. सेक्रेटरींनी तर 'देऊनच टाकू, पोरीचा अभ्यास आहे' असंही म्हटलं होतं. पण पोटापाण्यासाठी दुसऱ्यांना नोटिसा देणाऱ्या माणसाला कुणी नोटीस दिली की त्याचं टाळकं सटकतं. काटेसाहेबांनी प्रदूषण खात्यातल्या एका मित्राकडून आवाज मोजायचं यंत्र मागून आणलं आणि ते घेऊनच कमिटीच्या सभेला गेले.

"आपण अंदाजानं बोलू नये," त्यांनी सभेत सांगितलं. "आकड्यानं बोलावं." क्लॅरिनेटचा आवाज त्यांनी घरी मोजून आणला होता. तो त्यांनी वाचून दाखवला. मग सेक्रेटरींच्या घरातल्या मिक्सरचा आकडा वाचला, जो त्यांनी जिन्यात उभं राहून घेतला होता. मिक्सर जास्त निघाला. दोन माणसं हसली. काटेसाहेबांना अंगात वारं भरल्यासारखं झालं.

"म्हणजे तुम्ही आमच्या दाराबाहेर उभं राहून मोजमाप केलंत?" सेक्रेटरींच्या पत्नी उठून उभ्या राहिल्या. बाई मनानं मोकळ्या आणि आवाजानंही. "आमच्या स्वयंपाकघरातलं? न विचारता?"

यंत्र टेबलावर सुरूच होतं. काटेसाहेबांचं लक्ष सवयीनं आकड्याकडे गेलं आणि तोंडून निघून गेलं, "वहिनी, तुम्ही मिक्सरच्याही वर गेलात."

सभा इतकी शांत झाली की यंत्रावर दिसेल असा आकडा राहिला नाही.

ठराव जवळजवळ एकमतानं झाला. इमारतीत कुठल्याही प्रकारचं वाद्य, कुठल्याही वेळी, वाजवायचं नाही. विरोधात एकच हात वर होता, आणि त्या हातात यंत्र होतं.

"छान," घरी आल्यावर बायको म्हणाली. "आता?"

काटेसाहेबांनी हार मानली नाही. हार मानायची तर आधी हार झाली असं कबूल करावं लागतं. "वाजवायची गरजच काय?" ते म्हणाले. "परीक्षा पाठांतराची आहे. पाठांतर तोंडी होतं. पाढे आपण काय वाजवून पाठ केले?"

"बाबा, बोटांना पाठ व्हावं लागतं," टिटवी म्हणाली.

"बोटांना डोकं नसतं. डोक्याला कळलं की बोटं मुकाट्यानं ऐकतात. माझ्या हाताखालचे शिपाई ऐकतात की नाही?"

आणि मग ते सुरू झालं. सकाळी दात घासताना सी मेजर, जिना उतरताना जी मेजर, बसच्या रांगेत एफ मेजर. टिटवीनं "सी" म्हणायचं, काटेसाहेबांनी "हं" म्हणायचं. मग तिनं "डी" म्हणायचं. पुन्हा "हं". ती 'हं' ही त्यांची खास पद्धत होती. तराजूत एक वजन टाकून काटा स्थिर झाल्याखेरीज दुसरं टाकायचं नाही, तसं एक सूर तपासून शिक्का मारल्याखेरीज दुसरा सूर घ्यायचा नाही. घाई केली की ते बोट वर करून थांबवत. जी मेजरमध्ये एफ येतो तिथं 'एफ शार्प' म्हणावं लागतं. तिथली 'हं' ते जरा जोरात म्हणत, म्हणजे लक्षात राहील.

टिटवीला सगळं तोंडपाठ झालं. डॉक्टरांना झालं. दूध टाकणाऱ्या बाईला एफ मेजरपर्यंत झालं. बायको दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढं भिंगं बदलताना एक दिवस प्रत्येक भिंगानंतर "हं" म्हणाली आणि स्वतःवरच चिडली. क्लॅरिनेट तेवढा कपाटात गप्प पडून होता.

परीक्षेच्या दिवशी पालकांना शाळेत प्रवेश नव्हता. काटेसाहेबांना हे अन्यायाचं वाटलं. एवढे दिवस राबायचं आणि निकालाच्या वेळी फाटकाबाहेर उभं राहायचं? त्यांनी विचार केला, आणि जो विचार त्यांना सुचला तो एरवी हाताखालच्या माणसाला सुचला असता तर त्यांनी त्याची बदली केली असती. शाळेच्या उपाहारगृहात एक काटा होता. तो काटा तपासणं हे त्यांचं कायदेशीर कर्तव्यच होतं. बरेच दिवस कुणी तपासलाही नव्हता.

त्यांना वजनांची पेटी घेऊन आत येताना बघून मुख्याध्यापक खुर्चीतून अर्धे उठले. "काही तक्रार आली का साहेब?"

"नेहमीची तपासणी," काटेसाहेब म्हणाले, आणि त्यांना स्वतःचाच आवाज जरा परका वाटला.

मुख्याध्यापक त्यांचा पिच्छा सोडेनात. उपाहारगृह एका टोकाला आणि बँडची खोली दुसऱ्या टोकाला. काटेसाहेब काटा बघायचा सोडून व्हरांड्यातून उलट्या दिशेनं निघाले तेव्हा मुख्याध्यापक आणखीच घाबरले. "साहेब, तिकडं वजनाचं काही नाही. तिकडं संगीत आहे."

"बघायला हरकत नाही," म्हणत काटेसाहेब बँडच्या खोलीच्या खिडकीशी थांबले.

आत अर्धगोलात खुर्च्या, कोपऱ्यात कापड घातलेले ड्रम, आणि केसात पेन्सिल खोवलेल्या बँडच्या बाई. मुलं आपापली वाद्यं मांडीवर घेऊन बसली होती. मधे टिटवी उभी. तिचे कान लाल झालेले त्यांना खिडकीतून दिसले.

"सी मेजर," बाई म्हणाल्या.

टिटवीनं सी वाजवला. स्वच्छ आला. काटेसाहेबांचा ऊर भरून आला. मग ती थांबली.

"पुढं," बाई म्हणाल्या.

डी. थांबली.

"अडतंय का?"

"नाही बाई."

"मग थांबतेस कशाला? सलग वाजव."

ई. पुन्हा थांबली. तिची बोटं पुढच्या सुरावर जाऊन बसलेली होती, तोंडात वारा भरलेला होता, आणि ती कशाची तरी वाट बघत होती. कशाची ते तिलाही कळत नव्हतं. मुलांत खुसखुस झाली. टिटवीची नजर भिंतीवरून छताकडे आणि छतावरून कुठंच नाही अशी भिरभिरली. ती कशाची वाट बघतेय ते जगात फक्त एका माणसाला माहीत होतं. तो माणूस दोन्ही हातांनी वजनांची पेटी धरून उभा होता आणि ओठ घट्ट मिटायचा प्रयत्न करत होता.

टिटवीनं कसाबसा एफ वाजवला. आणि थांबली.

"हं!" काटेसाहेब म्हणाले.

पुरेसं मोठ्यानं. टिटवीनं तत्क्षणी जी वाजवला.

मग ट्रम्पेट घेतलेली एक मुलगी फिस्सकन हसली आणि सगळी खोली तिच्या मागोमाग फुटली. बाईंनी एकदा टिटवीकडे बघितलं, एकदा खिडकीकडे.

"काय सापडलं साहेब?" मुख्याध्यापकांनी घाबऱ्या आवाजात विचारलं.

टिटवीनं क्लॅरिनेट तोंडातून काढला आणि खिडकीतून त्यांच्याकडे बघितलं. आजवर नोटीस दिल्यावर दुकानदारांनी त्यांच्याकडे नाना तऱ्हांनी बघितलं होतं. रागानं, लाचारीनं, शिव्या गिळून. असं कुणी बघितलं नव्हतं. तिला त्यांची लाज वाटत होती.

बाई दाराशी आल्या. "तुम्ही हिचे वडील का?"

"मी... काटा तपासायला आलो होतो."

"अस्सं." बाईंनी केसातली पेन्सिल काढली, पुन्हा खोवली. "हिची परीक्षा आज झालीच नाही असं मी धरते. तुम्ही आता या."

घरी येताना टिटवी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं चालली. काटेसाहेबांनी दोनदा रस्ता ओलांडायचा विचार केला. पेटी जड होती, असं कारण त्यांनी स्वतःला दिलं. घरी पोचल्यावर तिनं दप्तर ठेवलं आणि आईला म्हणाली, "मला घरी वाजवायला मिळालं असतं ना, तर आलं असतं." एवढंच. ना रडली, ना आदळआपट केली. काटेसाहेब चपला काढत होते ते तसेच एक चप्पल पायात ठेवून उभे राहिले.

बायकोनं जेवताना विचारलं, "भाजी वाढू?" ते नको म्हणाले. तिनं वाढली. ती काही बोलली नाही, हेच त्यांना जास्त लागलं.

पण सरकारी कामाचं असं असतं की लाज वाटली म्हणून फाइल बंद होत नाही. उपाहारगृहाच्या काट्याची तपासणी सुरू झाल्याची नोंद झाली होती, आणि ती पुरी करून दाखला देणं भाग होतं. मुख्याध्यापकांनी घाबरून वरच्या साहेबांना फोनही केला होता: आमच्या काट्यात काही आहे का? वरच्या साहेबांनी काटेसाहेबांना बोलावून विचारलं, "तुम्ही तपासणीत 'हं' म्हणालात म्हणे. म्हणजे नक्की काय?"

काटेसाहेब पुन्हा पेटी घेऊन शाळेत गेले. मधली सुट्टी होती. व्हरांड्यात शिरताच एका खांबाआडून "हं" असा आवाज आला. मग दुसऱ्या खांबाआडून. जिन्यावरून. पाण्याच्या नळापाशी तर एक आख्खा घोळका त्यांनी पाऊल टाकलं की "हं" म्हणे, आणि पुढचं पाऊल पडेपर्यंत थांबे. काटेसाहेब मान खाली घालून चालले. काटा अगदी बरोबर निघाला. केसाचाही फरक नव्हता. त्यांनी शिक्का मारला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो वाकडा पडला.

परत निघताना बँडच्या बाई समोर आल्या. काटेसाहेबांनी वाट दिली, मग धीर करून म्हणाले, "बाई, तिची काही चूक नव्हती. मी तिला... ती खुर्च्या मांडायला लागली तर..."

"कशाला खुर्च्या मांडेल? पुन्हा देईल की परीक्षा. येईपर्यंत देता येते. काही पोरं चार-चारदा देतात. तिनं तुम्हाला सांगितलं नाही?"

काटेसाहेबांना जेवणाचं ताट, अर्धवट तुटलेलं वाक्य आणि स्वतःचा आवाज आठवला.

"सांगत होती," ते म्हणाले.

"हं," बाई सहज म्हणाल्या, मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या हसू दाबत लगबगीनं आत गेल्या.

त्या संध्याकाळी काटेसाहेब सेक्रेटरींच्या दारात गेले. बेलवर बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. दार वहिनींनीच उघडलं.

"वहिनी, मी त्या दिवशी जे बोललो..." पुढचं त्यांनी जिन्यात पाठ केलं होतं. एक शब्द आठवेना. पाठांतरावर बोलणाऱ्या माणसाची ही गत. "माझं चुकलं," ते म्हणाले. "फार चुकलं."

"आत या भावजी." वहिनींचा आवाज चक्क हळू होता. "त्या दिवसापासून हे मला घरात 'मिक्सर' म्हणतात. मुलगाही म्हणतो. कामवालीसुद्धा परवा हसली."

काटेसाहेबांनी खाली बघितलं. फरशीवर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी ते बघत राहिले.

"पोरीला वाजवू द्या," ते म्हणाले. "मला काय दंड करायचा तो करा. सभेत उभं राहून माफी मागतो."

सेक्रेटरी पुस्तिका घेऊन बाहेर आले. "ठराव सभेत झालेला आहे. बदलायला पुढची सभा..."

"तुमचा ठराव ठेवा गुंडाळून," वहिनी म्हणाल्या. "पोरगी आमच्या मागच्या खोलीत येऊन वाजवेल. रोज संध्याकाळी. बघू कोण काय म्हणतं ते. पण भावजी, एक सांगते, तुम्ही यायचं नाही. दारात उभं राहायचं नाही. जिन्यातसुद्धा नाही."

"नाही येणार," काटेसाहेब म्हणाले.

मग रोज संध्याकाळी खालून क्लॅरिनेट ऐकू यायचा. आधी चीत्कार, मग अडखळत चढणारे सूर, मग थोडे कमी अडखळणारे. काटेसाहेब वर खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसत. पान उलटायचं राहून जाई. मधेच कधी सूर थांबत, आणि वहिनींचं मोठ्यानं "असू दे गं, पुन्हा घे!" ऐकू येई. हे एवढेसे शब्द आपल्याला कसे सुचले नाहीत याचा ते विचार करत. टिटवी घरी आली की त्यांच्याशी बोलायची. डबा, बस, पाऊस पडेल का, एवढंच. बँडचा विषय निघाला की ती पाणी प्यायला उठायची.

एक दिवस ते ऑफिसातून येऊन जिना चढत होते, तोच वहिनींचा आवाज सगळ्या मजल्यांवरून घुमला. "झाली हो, पास झाली! तिन्ही स्केल!"

डॉक्टर दार उघडून "अरे वा" म्हणाले. सेक्रेटरींनी पुस्तिकेनंच टाळी वाजवली. बायको कठड्याशी उभी राहून हसत होती. दुसरी परीक्षा आज आहे हे सगळ्यांना माहीत होतं. दूधवालीनं सकाळी पोरीच्या पाठीवरून हात फिरवला होता म्हणे. माहीत नव्हतं ते एकट्या काटेसाहेबांना. ते दोन मजल्यांच्या मधल्या पायरीवर उभे राहिले, आणि आनंदानं हसावं तर आपल्याला हे माहीतच नव्हतं हे सगळ्यांना कळेल, म्हणून रुमाल काढून उगीचच मान पुसत राहिले.

"मला सांगितलं नाहीस," रात्री धुतलेली ताटं पुसताना ते टिटवीला म्हणाले. तक्रार करायची नव्हती, पण आवाज तसा लागला.

"तुम्ही रजा काढली असती."

काढली असती. त्यांनी नाकारलं नाही. ताटं पुसत राहिले. मग म्हणाले, "रीड मी तोडली. तपासणीबिपासणी काही नव्हतं. स्क्रू जास्त फिरला माझ्याकडून."

"माहितीय मला."

"आणि ते सभेतलं, आणि खिडकीतलं..."

"बाबा, पुरे." ती ताटं रचत होती. रचून झाल्यावर म्हणाली, "कार्यक्रमाला येणार असाल तर या. पण शेवटच्या रांगेत बसायचं. आणि आई तुमचा हात धरून बसेल."

"कबूल," काटेसाहेब म्हणाले. अट नीट वाचून घ्यावी असंही त्यांना सुचलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी ते शेवटच्या रांगेत बसले. पुढच्या रांगेतल्या दोन मुलांनी त्यांना ओळखून एकमेकांना कोपर मारलं, तेव्हा ते खुर्चीत जरा खाली सरकले. पडदा उघडला. टिटवी दुसऱ्या ओळीत, क्लॅरिनेट उभा धरून, बाईंच्या हाताकडे बघत होती. शेवटच्या रांगेकडे तिनं एकदाही बघितलं नाही. बायकोनं ठरल्याप्रमाणे त्यांचा हात धरला. बाईंनी हात खाली आणला आणि सूर सुरू झाले, न थांबता, एकामागून एक.

काटेसाहेबांनी ओठ मिटून घेतले होते आणि श्वासही जपून घेत होते. थोड्या वेळानं त्यांना हात थरथरताना जाणवला. स्वतःची पुन्हा एकदा लाज वाटून त्यांनी खाली बघितलं. त्यांचा हात स्थिर होता. कापत होता तो बायकोचा. इतके दिवस स्वतःच्या काळजीबद्दल ती एक शब्द बोलली नव्हती, आणि आता तिची नखं त्यांच्या तळहातात रुतली होती, नजर व्यासपीठावर खिळलेली होती आणि ओठ आवाज न करता 'हं, हं' म्हणत होते.

काटेसाहेबांनी दुसरा हात तिच्या हातावर ठेवला आणि गाणं संपेपर्यंत तिला धरून ठेवलं.